लोणावळ्याचे न्यायालय

2021 च्या पावसाळ्यात जळगावहून धुळ्याला एस.टी.ने जाताना मागच्या आसनावरील दोन तरुणांचे संभाषण कानी पडत होते. गाडी एरंडोल सोडून पारोळ्याच्या रस्त्याला लागली तरी विषय बदलत नव्हता. "काही झालं नसतं तं रडली कशाले?" हा त्यातील एकाचा अंतिम युक्तिवाद होता. एखाद्या नातेवाईक स्त्रीविषयी बोलणे चालले असावे, असे मला प्रथम वाटले. मग उलगडा झाला, की आरोपी होती 'द फॅमिली मॅन'मधील सुची.

राज आणि डीके या दिग्दर्शकद्वयाची ही मालिका सप्टेंबर 2019 मध्ये आली. दुसरे पर्व जून 2021 मध्ये आणि तिसरे नोव्हेंबर 2025 मध्ये प्रदर्शित झाले. मुंबईत राहणारा श्रीकांत तिवारी (मनोज वाजपेयी) हा गुप्तचर. घरच्यांच्या लेखी मात्र फायलींत बुडालेला सरकारी नोकर. त्याची पत्नी सुचित्रा (प्रियामणी) ही मानसशास्त्राची प्राध्यापिका. पुढे ती ही नोकरी सोडून अरविंद (शरद केळकर) या मित्रासोबत नव्या कंपनीत काम करू लागते. दोघे कामानिमित्त लोणावळ्यात असताना त्या रात्री काय घडले, हे पहिल्या पर्वाने दाखवलेच नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी सुची काही सांगू पाहते आणि कथा थांबते.

दुसऱ्या पर्वाला तामिळनाडूतून कडाडून विरोध झाला. ईलम तामिळींच्या चित्रणावर आक्षेप घेऊन तेथील सरकारने केंद्राला पत्र लिहिले. तो वाद राजकीय होता आणि त्याला इतिहासाचे भान होते. आपल्याकडील चर्चा मात्र लोणावळ्याच्या त्या खोलीबाहेर घुटमळत राहिली. सुचीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीलाही प्रेक्षकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले.

आता हिशेब पाहू. श्रीकांत घरी सतत खोटे बोलतो. ते खोटे देशासाठी असल्याने आपण ते माफ करतो. एवढेच नव्हे, तर त्याच्या थापा ऐकून हसतो. परंतु या गुपिताची किंमत कोण मोजते? दुसऱ्या पर्वात त्याची शाळकरी मुलगी धृती पळवली जाते, ती वडिलांच्या व्यवसायामुळे. म्हणजे पतीच्या गुपिताने कुटुंबाचे झालेले नुकसान पडद्यावर स्पष्ट दिसते. पत्नीच्या मौनाने काय झाले, ते दुसऱ्या पर्वाच्या अखेरपर्यंत ठाऊकही नसते. तरी निकाल लागतो तो दुसऱ्याच प्रकरणाचा.

येथे मला विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे 1967 साली रंगभूमीवर आलेले नाटक आठवते. वेळ घालवण्यासाठी मांडलेला अभिरूप न्यायालयाचा खेळ आणि त्यात आरोपी केलेली लीला बेणारे. तीही शिक्षिका. ज्या प्रा. दामल्यांचा या प्रकरणाशी सर्वाधिक संबंध, ते अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाहीत. बेणारेचा छळ करणारे लोक खलपुरुष नाहीत. ते गंमत करणारे सभ्य लोक आहेत. त्या गमतीतूनच क्रौर्य जन्मते, हे तेंडुलकरांनी दाखवले. लोणावळ्यावरील विनोदही गंमतच होती. आणि अरविंदला कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

रिकामी जागा निर्मात्यांनी हेतुतः ठेवली, मग प्रेक्षकांनी तर्क का करू नये, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. तर्क करावाच, साहित्याचे वाचन त्यावाचून होत नाही. परंतु तर्क म्हणजे निवाडा नव्हे. न सांगितलेल्या गोष्टीतून पात्राच्या एकटेपणाकडे जाता येते, तसेच त्याच्या चारित्र्याच्या पंचनाम्याकडेही जाता येते. आपण दुसरी वाट किती सहज धरतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो मी स्वतःलाही विचारतो, कारण प्राध्यापक-कक्षातील अशाच एका चर्चेत मीही सुचीला दोषी ठरवले होते. त्यानंतर काही दिवसांनी बेणारे शिकवताना सगळा वर्ग काशीकरांवर संतापला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत मुलगी क्लासहून अर्धा तास उशिरा आली, तरी तिचं लोणावळा होतं." मला उत्तर सुचले नाही. वर्गात बेणारेची बाजू घेणे सोपे असते. तिचा निकाल कधीच लागून गेलेला असतो.

जळगाव काय, धुळे काय, आपली गावे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. येथे पाळत ठेवायला गुप्तचर खाते लागत नाही. समोरच्या ओट्यावरची नजर पुरते. म्हणूनच काल्पनिक स्त्रीविषयीची आपली भाषा निरुपद्रवी राहत नाही. ती ऐकत शेजारी खरी मुलगी बसलेली असते आणि आपल्या घरात काय सांगावे, काय लपवावे, हे ती त्या भाषेवरून ठरवते. कुटुंबातील गुपिते अशीच तयार होतात.

यंदा नाटक शिकवताना मी आधी सुचीबद्दल विचारणार आहे. बेणारेचा तास त्यानंतर.