संसर्ग फोनमधून पसरत नाही

समलिंगी पुरुषांमधील एचआयव्हीची आकडेवारी प्रसिद्ध झाली की बातम्यांना एक आयता आरोपी सापडतो: जोडीदार शोधण्याची मोबाइल ॲप. हे निदान सोपे आहे आणि चुकीचे आहे.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 साली मद्रासमध्ये आढळला. त्या वेळी देशात मोबाइल नव्हता. 2012 साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे 7 टक्के होते. पुढच्या दशकात ॲप हातोहाती पोहोचली. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आढळले. मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने नेमकी घट किती, हे यावरून ठरत नाही. मात्र ॲपमुळे रोग फोफावला, या दाव्यालाही त्यात आधार नाही. तरीही सर्वसाधारण प्रौढांमधील सुमारे 0.2 टक्क्यांच्या तुलनेत हे प्रमाण पंधरापट आहे.

गुदमार्गे होणाऱ्या संभोगात विषाणूचा शिरकाव अधिक सहज होतो, हे खरे. पण त्यावर उपाय उपलब्ध आहेत. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात 782 समलिंगी जोडपी होती, प्रत्येकात एक जोडीदार बाधित, पण औषधांनी त्याचा विषाणू दडपलेला. कंडोमविना सुमारे 76,000 वेळा संबंध येऊनही बाधित जोडीदाराकडून दुसऱ्याला एकदाही संसर्ग झाला नाही. हीच उपचारपद्धती भारतात सरकारी केंद्रांतून 2004 पासून मोफत मिळते.

मग अडते कुठे? तपासणीच्या खोलीत. डॉक्टर विचारतात, ‘लग्न झाले आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचा प्रश्न येत नाही. ‘हो’ असेल तर पत्नीपलीकडचा विचार होत नाही. खरे सांगावे, तर ते घरापर्यंत पोहोचण्याची धास्ती. असा रुग्ण तपासणी टाळतो. निदान नाही म्हणून औषध नाही, औषध नाही म्हणून विषाणू दडपला जात नाही, आणि संसर्ग पुढे सरकतो. या साखळीत फोन कुठेच नाही. कलंक प्रत्येक कडीत आहे.

ॲपमुळे अनोळखी भेटी सुलभ होतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु भेटी पूर्वीही होत होत्या, बागांत आणि स्थानकांवर. आरोग्य कार्यकर्ते कंडोम घेऊन तिथे जात. भेटीची जागा बदलली असेल, तर आरोग्यसेवेनेही जागा बदलावी. ॲपवर बंदी घातल्यास ही माणसे अधिक आडोशाला जातील, इतकेच.

2017 च्या एचआयव्ही कायद्याने तपासणीसाठी संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायदा बदलला, तपासणीच्या खोलीतला प्रश्न बदललेला नाही. तो वैद्यकीय शिक्षणातच बदलावा लागेल. आणि ज्या फोनला दोष दिला जातो, त्याच्याच पडद्यावर जवळच्या मोफत तपासणी केंद्राचा पत्ता आणि 1097 हा राष्ट्रीय मदत क्रमांक दिसायला हवा.