दप्तराची नवी विद्या आणि आपलीं मुलें

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या ओसरीवर गांवांतील चारदोन बाप येऊन बसतात. मीं महसुली कचेरींत बरींच वर्षें कारकुनी केली, तेव्हां कोणत्या शिक्षणानें पुढें काय होतें हें मला ठाऊक असणारच, असा त्यांचा समज. वस्तुतः माझें शिक्षण मराठी शाळेचें व बेताचेंच. परंतु यंदा एका शेजाऱ्यानें जो प्रश्न घातला, तो माझ्या आयुष्यभराच्या कामाशींच निगडित निघाला. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें. त्याच्या मुलीस ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम’ हा विषय घेऊन पदवी मिळवावयाची आहे. फी भागविण्याकरितां दीड एकर बागायती जमीन विकावी कीं काय, असें तो विचारीत होता.

ही विद्या म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. नांव परकें असलें तरी वस्तु परकी नाहीं. तलाठ्याच्या दप्तरांत एकापासून एकवीसपर्यंत गांवनमुने असतात. कोणत्या शेतांत कोणतें पीक आहे तें बारा नंबरांत येतें. त्यावरून अकरा नंबरांत साऱ्या गांवच्या पिकांचा गोषवारा निघतो. गांवांचे गोषवारे मिळून तालुक्याचा व तालुक्यांचे मिळून जिल्ह्याचा होतो. बांधावर पाहिलेली एक गोष्ट अशी पायरीपायरीनें वर चढते, आणि तिच्या आधारावर वरचा अधिकारी निर्णय घेतो. खालची नोंद खोटी असेल तर वरचा निर्णयही खोटा. कोणती माहिती घ्यावयाची, ती कोणीं लिहावयाची, कोणीं ताडून पाहावयाची आणि कोणापुढें कोणत्या रूपांत ठेवावयाची, याची शिस्त लावणें हीच ती विद्या. आतां वहीच्या जागीं संगणक आला, एवढाच भेद.

यास्तव या अभ्यासक्रमांत केवळ संगणक चालविणें शिकवीत नाहींत. हिशेब, संख्याशास्त्र, व्यापारव्यवस्था, माहितीचे कोठार रचणें, तिची सुरक्षितता आणि कामाची पाहणी करून त्याची आंखणी करणें, असे विषय त्यांत येतात. संगणकाची आज्ञावली लिहिणारा वेगळा आणि धंदा चालविणारा वेगळा. या दोघांमधला दुभाषी तयार करणें हा या शिक्षणाचा हेतु होय.

या विद्येचा इतिहासही हेंच सांगतो. लंडनमध्यें लायन्स नांवाची चहाचीं दुकानें व बेकरी चालविणारी मोठी कंपनी होती. तिनें ‘लिओ’ नांवाचा संगणक स्वतःच बांधविला आणि 1951 सालीं त्यावर आपल्या बेकरीच्या मालाचा हिशेब नियमितपणें करण्यास आरंभ केला. पुढें दुकानांची मागणीही त्यावर आली. प्रत्येक दुकानाची नेहमींची मागणी नोंदून ठेवलेली असे; दुकानाची व्यवस्थापक बाई दूरध्वनीवरून फक्त फेरबदल कळवी. ही युक्ति ज्यांना दुकान कसें चालतें हें ठाऊक होतें त्यांनाच सुचणार! त्या कंपनीनें संगणकावरील कामासाठीं पुष्कळसे लोक आपल्याच नोकरवर्गांतून निवडले होते. विद्यापीठांत हा विषय त्यामागून आला. अमेरिकेंत मिनेसोटा विद्यापीठाचे गॉर्डन डेव्हिस हे त्याच्या आरंभींच्या अध्यापकांपैकीं होत.

कामाचें ज्ञान आणि संगणकाचें ज्ञान यांची फारकत झाली म्हणजे काय होतें, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि त्यांत माझाही दोष आहे. मी ज्या कचेरींत होतों, तेथें हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविण्याचें काम चालू होतें. बाहेरून आणलेलीं मुलें दर नोंदीमागें ठराविक मजुरीवर टंकन करीत. हात त्यांचा सराईत. पण ‘इतर हक्क’ म्हणजे काय, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें. एका विधवा बाईचा सामाईक विहिरींतील तिसरा हिस्सा त्या रकान्यांत शाईनें लिहिलेला होता. तो संगणकावर चढलाच नाहीं. ताडून पाहणाराची सही माझी होती. मीं क्षेत्र पाहिलें, आकार पाहिला आणि सही केली. पुढें भाऊबंदांनीं तोच उतारा दाखवून तिची पाण्याची पाळी बंद केली. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खालीं लेखनप्रमादाची दुरुस्ती होते, तशी ती झालीही. परंतु तोंपर्यंत तिचा एक हंगाम वाळून गेला होता. बाई मला कांहीं बोलली नाहीं. दुरुस्त उतारा घेऊन, नमस्कार करून निघून गेली. तो नमस्कार मला अद्याप बोचतो.

टंकन करणाऱ्यास दप्तर कळत नव्हतें, आणि मला संगणक कळत नव्हता. दोन्ही जाणणारें एखादें माणूस आम्हां दोघांच्या मध्यें असतें, तर त्यानें साधी ताळ्याची सोय केली असती: मूळ उताऱ्यांत ‘इतर हक्क’ भरलेला आहे काय, हें आधीं विचारावयाचें, आणि उत्तर ‘होय’ असतां तो रकाना कोरा ठेवल्यास पुढें जाऊंच द्यावयाचें नाहीं. अशा माणसाची वाण आहे; आणि नोकरीचा विचार करावयाचा तो येथून.

शहरांत बँका, विमा कंपन्या, इस्पितळें, कारखाने येथें सिस्टिम ॲनालिस्ट, बिझनेस ॲनालिस्ट, माहितीकोठाराचा व्यवस्थापक, संगणकीय हिशेबांचा तपासनीस अशा जागा या शिक्षणानें मिळतात. परंतु आपल्या दाराशींही हें काम आलें आहे. केंद्र सरकारनें जून 2022 मध्यें 63,000 प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना 2,516 कोटि रुपयांच्या तरतुदीनें मंजूर केली. आपल्या विविध कार्यकारी सोसायट्या त्यांतच मोडतात. साखर कारखान्याची ऊसनोंद व तोडणीचा क्रम, दूध संघाचें रोजचें माप व फॅट, शेतकरी उत्पादक कंपनीचा माल, हें सर्व आतां संगणकावर चालतें. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत पीकपाहणीही शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर नोंदविण्याची सोय झाली. खोडवा आणि आडसाली यांतील भेद जिला घरींच कळला आहे, ती मुलगी या कामांत अर्धी वाट आधींच चालून आलेली असते.

कोणी म्हणतील कीं, आतां संगणक आपली आज्ञावली आपणच लिहूं लागला आहे. मग ही विद्या टिकणार कशी? केवळ टंकन व ठराविक आज्ञावली लिहिणें एवढ्यावरच जो विसंबेल त्याची भाकरी खरोखरच धोक्यांत आहे. परंतु त्या बाईच्या विहिरीचा रकाना राहिला, हें कोणीतरी विचारावयास हवें होतें, आणि चुकीची जबाबदारीही कोणावर तरी हवी. तें काम माणसाचेंच राहणार, असें माझें मत आहे.

मात्र विद्या चांगली म्हणून तिची प्रत्येक शाळा चांगली असें नव्हे. प्रवेशापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हिशेब व संख्याशास्त्र मनापासून शिकवितात, कीं केवळ नांवापुरतें? एखाद्या चालत्या संस्थेंत कांहीं महिने प्रत्यक्ष काम करावें लागतें काय? आणि मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठें आहेत? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर छापील पत्रकावरून घेऊं नये. त्या विद्यार्थ्यांसच गांठावें.

जमीन विकण्याविषयीं माझें उत्तर स्पष्ट आहे: विकूं नये. ठराविक मर्यादेपर्यंत बँका तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज देतात. शिवाय ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेनें व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाल्यास, 2024-25 पासून राज्य शासनानें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. माझ्या शेजाऱ्यास हें ठाऊक नव्हतें. दलालाशीं मात्र त्याचें बोलणें झालें होतें!

मीं त्यास आणखी एक गोष्ट सांगितली. मुलीनें प्रवेशापूर्वीं एक महिना सोसायटीच्या सचिवाजवळ बसून कर्जवाटपाचें दप्तर पाहावें. तिला त्यांत गोडी वाटली तर खुशाल पुढें जावें. कंटाळा आला तर विषय बदलावा, फीचा पैसा तरी वांचेल. आपल्या संस्थेच्या चालकांसही माझी विनंति आहे कीं, दर सुटींत सभासदांच्या दोन मुलांस दप्तरांत बसूं द्यावें. उद्यां आपले उतारे, आपलीं कर्जखातीं व आपल्या उसाच्या पाळ्या ज्यांच्या हातीं जाणार, त्यांस आपलें दप्तर आजच दाखविलेलें बरें.