तिघांचे आणि सर्वांचे

बरोक काळातील इटालियन ‘कॉन्चेर्तो ग्रोसो’त वादकांचे दोन गट असतात. आर्कांजेलो कोरेल्लीच्या 12 रचनांत छोट्या गटात दोन व्हायोलिन आणि एक चेलो, मोठ्या गटात बाकीची तंतुवाद्ये. कोरेल्ली 1713 मध्ये वारला. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये त्या छापून आल्या. त्यात छोटा गट अनिवार्य, मोठा ऐच्छिक. म्हणजे तिघांवरही भागते.

तरी रचनेला भारदस्तपणा येतो तो सगळे वाजवू लागल्यावरच. तेव्हा ते तिघेही वेगळे राहत नाहीत, सर्वांत मिसळून वाजवतात. उर्दूत कव्वालाच्या साथीदारांना ‘हमनवा’ म्हणतात, म्हणजे एकाच सुरात बोलणारे. किती मानाचा शब्द आहे हा!

आमच्या शाळांमध्ये निकालानंतर दोन-तीन गुणवंतांचे फोटो फलकावर लागतात. बाकीचा वर्ग मात्र ऐच्छिक ठरतो. हुशार मुलांना पुढे आणलेच पाहिजे, पण पुन्हा सर्वांत मिसळायलाही शिकवले पाहिजे. समाजाचेही तेच. चार मुले डॉक्टर, अधिकारी झाली म्हणजे समाज शिकला, असे समजून आपण किती दिवस स्वतःची समजूत घालणार? मागच्या बाकावरची मुले आपल्याला हमनवा वाटतात की नुसती गर्दी, हे आधी ठरवू या.