कौलाविना जमीन

१६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही दरबाराची फर्माने गेली. भोरजवळच्या कारी गावचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन शिवाजीमहाराजांपुढे उभे राहिले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच रोहिडखोऱ्यातला, उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. शाळेत आपण ही हकिकत निष्ठा आणि फितुरी अशा जोडीने शिकतो आणि ती तशी आहेही. पण वतनांचे तंटे, महजर, कौलनामे यांच्या कागदांची थोडी सवय झाली की तिची आणखी एक बाजू दिसू लागते. दोघांपुढचा प्रश्न एकच होता. माझी जमीन ज्याच्या शब्दावर उभी आहे, त्याचा शब्द उद्या टिकेल काय?

हा प्रश्न सतराव्या शतकातच संपला असे मानणाऱ्यांसाठी मी एक उदाहरण देणार आहे. ते वरवर पाहता अगदी थिल्लर वाटेल. त्यात डोंगर नाहीत, पाऊस नाही, नाचणीही नाही. आहे तो संगणकाच्या पडद्यावरचा एक समुद्र आणि त्यातली बेटे.

'सेकंड लाइफ' हे आभासी जग लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ साली लोकांना खुले केले. त्यात कुणी राक्षस मारायचे नसतात की गुण मिळवायचे नसतात. माणसे तिथे घरे बांधतात, दुकाने थाटतात, वाचनालये चालवतात. ही मंडळी म्हणजे 'रहिवासी', हा कंपनीचाच शब्द. तिथे विकली जाते ती 'जमीन', हाही कंपनीचाच. वस्तुतः ती सर्व्हरवरची काही जागा. तिच्यासाठी सुरुवातीला एक रक्कम आणि पुढे दर महिन्याला देखभाल शुल्क, म्हणजे आपल्या भाषेत सारा.

२००६ च्या अखेरीस कंपनीने नव्या बेटांचे मासिक शुल्क १९५ डॉलरवरून २९५ डॉलर केले, मात्र जुन्या धारकांना जुन्याच दरावर राहू दिले. हा शिरस्ता पडला असे लोकांनी गृहीत धरले. पुढे २००८ च्या वसंतात कंपनीने 'ओपनस्पेस' नावाची हलकी बेटे स्वस्तात खुली केली: २५० डॉलर आरंभी आणि ७५ डॉलर महिना. मुळात ही बेटे रान, समुद्र, मोकळे पाणी यांसाठी होती, एका प्रोसेसर-गाभ्यावर अशी चार चालत. पण त्यांवर ठेवता येणाऱ्या वस्तूंची मर्यादा दुपटीने वाढवून ३,७५० केल्यावर लोकांनी तिथे घरे बांधली, भाडेकरू ठेवले. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की या बेटांचा वापर अपेक्षेपेक्षा जास्त होतो आहे, सबब जानेवारी २००९ पासून महिना १२५ डॉलर द्यावे लागतील. या वेळी जुन्या धारकांना सूट नव्हती. मोठा गदारोळ झाला. आठ-दहा दिवसांत कंपनीने पाऊल थोडे मागे घेतले: वाढ टप्प्याने होईल, पहिला टप्पा ९५ डॉलर. आणि या बेटांना नवे नाव मिळाले, 'होमस्टेड'.

या नावाशी क्षणभर थांबावे. १८६२ च्या अमेरिकन कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ मोफत, मालकीहक्काने मिळत, ते 'होमस्टेड'. (ती जमीन आधी कुणाची होती, हा प्रश्न वेगळा आणि याहून फार मोठा.) ज्या क्षणी सारा वाढला आणि हक्क पातळ झाला, नेमका त्याच क्षणी अमेरिकन मनातला जमीनहक्काचा सर्वांत भारलेला शब्द त्या तुकड्याला चिकटवला गेला. आपण साहित्याची माणसे रूपकाविषयी बोलतो ते बहुधा कवितेच्या संदर्भात. रूपकाची वसुली कशी होते हे पाहायचे असेल तर अशा ठिकाणी पाहावे.

त्या रहिवाशांचे गाऱ्हाणे मला महत्त्वाचे वाटते ते रकमेमुळे नव्हे. महिन्याला पन्नास डॉलर जास्त गेल्याने तिथे कुणी उपाशी मरणार नव्हते. त्यांची खरी अडचण अशी होती की आपले काय हिरावले जात आहे ते सांगायला त्यांच्यापाशी शब्दच नव्हता. 'आम्ही मालक आहोत' असे म्हणावे तर ते खरे नव्हते. 'आम्ही ग्राहक आहोत' असे म्हणावे तर ग्राहकाला उत्तर ठरलेले: परवडत नसेल तर घेऊ नका. या दोन टोकांच्या मध्ये इंग्रजीत त्यांना जागा सापडेना. २००३ साली, वस्तूंवर कर होता तेव्हा, त्यांनी आपल्या आभासी गावात चहाची खोकी रचून बॉस्टनच्या बंडाचा देखावा उभा केला होता. तो कर वर्ष संपता संपता गेला आणि त्याच्या जागी जमिनीचा सारा आला. २००८ मध्ये बॉस्टनही कामी येईना, कारण बॉस्टनकरांना निदान जमीन आपली आहे याची खात्री होती.

आपल्याकडे मात्र या मधल्या जागेत शब्दांची दाटी आहे. मिरासदार आणि उपरी हा भेद तर १८१९ साली एल्फिन्स्टननेही आपल्या अहवालात नोंदवला. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो सारा भरतो, गावच्या पट्ट्या सोसतो, पण त्याचे स्थान कुणी सहजी काढून घेऊ शकत नाही. दुष्काळात परागंदा होऊन तो अनेक वर्षांनी परतला तरी गाव त्याची मिरास ओळखते. उपरी उक्त्याने कसतो. त्याचा दर पुष्कळदा मिरासदारापेक्षा हलका असतो, पण पुढच्या हंगामाची शाश्वती नसते. हलका दर आणि शाश्वती या दोन गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात हे मावळातल्या कुणब्याला ठाऊक होते. सेकंड लाइफचा रहिवासी उपरी होता आणि त्याला मिरासदाराच्या भाषेत बोलावले गेले होते. सारा वाढला त्या दिवशी त्याला हे कळले.

दुसरा शब्द इस्तावा. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे अगदी थोडा सारा, मग दरसाल चढता, शेवटी पूर्ण. ओस पडलेले मावळ पुन्हा वसवताना ही पद्धत वापरली गेली आणि तिचे श्रेय परंपरा दादोजी कोंडदेवांना देते. प्रथमदर्शनी ओपनस्पेस बेटांची कहाणी इस्ताव्याचीच वाटेल: आधी स्वस्त, मग महाग. फरक एवढाच, आणि तो सर्वस्वी निर्णायक, की इस्ताव्याची चढण कौलात आधीच सांगितलेली असे. कोणत्या साली किती, हे नांगर धरण्यापूर्वी ठरलेले. तिसऱ्या वर्षीची वाढ म्हणजे विश्वासघात नव्हे, ती कराराची अंमलबजावणी. कंपनीने आरंभीच 'पुढच्या वर्षी १२५' असे म्हटले असते तर पुष्कळांनी ती बेटे घेतलीच नसती, आणि ज्यांनी घेतली असती त्यांना ओरडायला जागा उरली नसती. सर्व्हर चालवायला खर्च येतो, चौघांच्या गाभ्यावर एकाने नृत्यगृह चालवले तर उरलेल्या तिघांचे हाल होतात, ही कंपनीची बाजू मला पटते. पटत नाही ती कौलाची अनुपस्थिती.

यावर आक्षेप येईल की खऱ्या रयतेच्या दुःखाशी या हौशी मंडळींची तुलना करणे हा त्या दुःखाचा अपमान आहे. आक्षेप रास्त आहे. इंदापूर, भीमथडी, हवेली या तालुक्यांत तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १८६६ नंतर, इंग्रज सरकारने सारा भरमसाट वाढवला. १८७३ साली पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याची तपासणी केली, १८७५ साली सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या आणि १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्या जीवघेण्या साखळीशेजारी हे प्रकरण ठेवणे बरे दिसत नाही. तरीही मी ठेवतो, कारण तुलना दुःखाची नाही, वचनाच्या रचनेची आहे. आणि त्या बाबतीत एक विचित्र गोष्ट दिसते. परक्या, लुटारू म्हणून आपण ओळखतो त्या सरकारनेही तीस वर्षे सारा न वाढवण्याचे वचन दिले होते. सभेला आणि फुल्यांना भांडता आले ते त्या वचनाच्या आधी आणि नंतर काय झाले यावर. २००८ चा रहिवासी ज्या करारावर टिचकी मारून आत शिरला होता त्यात तीस दिवसांचेही अभय नव्हते.

आणखी एक भेद रयतेच्या बाजूचा. सारा असह्य झाला की रयत गाव सोडून जाई. हे तिचे शेवटचे आणि खरे शस्त्र, कारण ओस गावातून काहीच वसूल होत नाही. मग कौल देऊन तिला परत बोलवावे लागे. सेकंड लाइफमध्येही अनेकांनी बेटे सोडली. पण तिथे सोडलेले बेट ओस पडत नाही, ते बंद होते. घर, झाड, किनारा, सगळे एका क्षणात नाहीसे. परतून येऊन दावा सांगावा अशी पांढरीच मागे उरत नाही. दहा वर्षांनी, २०१८ च्या जुलैत, कंपनीने मोठ्या बेटांचे शुल्क २९५ वरून २४९ डॉलरवर आणले. लोक आनंदले. मला त्या आनंदात २००८ चाच संताप उलटा दिसतो. ज्या हुकमाने वाढ झाली त्याच हुकमाने सूट मिळाली, आणि सूट घेणाऱ्याचे स्थान पूर्वीइतकेच कच्चे राहिले.

दरम्यान मालकीच्या प्रश्नाचा न्यायालयीन भागही घडून गेला होता. जमीन जप्त झाली म्हणून मार्क ब्रॅग या वकिलाने कंपनीवर दावा लावला. २००७ च्या मे महिन्यात न्यायाधीश रोब्रेनो यांनी हा वाद लवादाकडे पाठवण्याची कंपनीची मागणी फेटाळली. पण त्याच वर्षी तडजोड झाली आणि आभासी जमीन म्हणजे नक्की काय, याचा निवाडा व्हायचा राहिला. २०१० च्या सुधारित अटींत कंपनीने स्पष्टच लिहिले की ती जमीन म्हणजे परवाना आहे. सात वर्षे जाहिरातीत मिरास आणि मग करारात उपरी.

आपण मात्र फार शहाणे ठरतो असे नाही. भोर-वेल्ह्यात कुणालाही विचारा, 'ही जमीन कुणाची?' उत्तर येते, 'आम्ही मालक.' सातबारा उघडला तर त्यावर शब्द असतो भोगवटादार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या २९ व्या कलमात राज्याकडून जमीन धारण करणाऱ्यांचे वर्ग दिले आहेत, भोगवटादार वर्ग १, वर्ग २ आणि शासकीय पट्टेदार. मालक हा शब्द आपण मनाने भरतो. वर्ग १ वाल्याला त्याची किंमत सहसा मोजावी लागत नाही. वर्ग २ वाल्याला मोजावी लागते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने गेली, महारवतनांसह, आणि त्या जमिनी जुन्या वतनदारांना पुन्हा मिळाल्या त्या नव्या शर्तीने. विकायची तर परवानगी आणि नजराणा. नजराणा हा शब्द दरबारातून थेट तहसील कचेरीत आला, वाटेत त्याने कपडेही बदलले नाहीत.

वर्ग २ च्या काही जमिनी वर्ग १ करण्यासाठी शासनाने मार्च २०१९ मध्ये नियम काढले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी सवलतीचे दर ठेवले, पुढे ते चढणार होते. या दरांवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. ज्याची जमीन मुळात जातीने नेमून दिलेल्या सेवेचा मोबदला होती त्याच्याकडून ती पूर्ण त्याची होण्यासाठी पुन्हा रक्कम घ्यावी, यातला अन्याय कुठल्याही सवलतीने झाकत नाही. पण मुदत आणि चढण आधी सांगितली होती, एवढे मान्य करावे लागते. त्या अर्थाने एका रूक्ष शासकीय अधिसूचनेत इस्ताव्याची आठवण शिल्लक होती, आणि 'तुमचे जग' म्हणवणाऱ्या कंपनीच्या मोहक निवेदनात ती नव्हती.

मराठीच्या वर्गात आपण ऐतिहासिक गद्य शिकवतो ते बखरींपासून. सभासदाची बखर, आज्ञापत्र, फार तर एखादे पत्र. कौलनामा आपण इतिहासवाल्यांवर सोडून देतो, कारण त्यात शैली नाही असे आपले मत. आज्ञापत्रातले वतनदारांविषयीचे प्रकरण आपण राजनीती म्हणून वाचतो, पण ज्या कागदांनी वतनदार वतनदार होतो ते कागद वाचत नाही. परिणामी मिरास, उपरी, उक्ता, इस्तावा हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांना शब्दकोशातल्या मृत नोंदी वाटतात. मालक आणि भाडेकरू या दोनच शब्दांनी ते सगळे व्यवहार वाचतात: पुण्यातली भाड्याची खोली, फोनमध्ये 'विकत घेतलेले' पुस्तक, खडकवासल्यापलीकडच्या रस्त्यावर फलक लावून विकले जाणारे 'फार्महाऊस प्लॉट'. त्या फलकांवर तोरणा आणि राजगड यांची चित्रे असतात. सातबाऱ्यावर वर्ग कोणता, हे नसते.

२०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. खरे तर हे नाव नवे नाही. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर संस्थानाचे तालुके किल्ल्यांच्या नावांनीच ओळखले जात, विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड, आणि जोडीला पवनमावळ. पाट्या बदलतील, शिक्केही बदलतील. भोगवटादार-वर्गाचा रकाना तसाच राहील, आणि पुढच्या वर्षी ऐतिहासिक गद्याच्या तासाला मी बखरीआधी एक कौलनामा आणि एक सातबारा वर्गात घेऊन जाणार आहे.