प्राप्तिकराचा परतावा की सक्तीची उसनवारी?

१ फेब्रुवारी २०२४ रोजी हंगामी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत दोन गोष्टी सांगितल्या. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांवर प्रक्रिया करण्यास २०१३-१४ साली सरासरी ९३ दिवस लागत, ते आता दहावर आले आहेत, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की, करखात्याच्या दप्तरात लहानसहान, न पडताळलेल्या, वादग्रस्त अशा असंख्य मागण्या पडून आहेत. त्यांपैकी काही थेट १९६२ सालापर्यंत मागे जातात आणि त्यांच्यापायी प्रामाणिक करदात्यांचे पुढच्या वर्षांचे परतावे अडकून राहतात. पहिले विधान सत्ताधाऱ्यांच्या जाहिरातीत शोभून दिसणारे आहे. दुसरे विधान हा कबुलीजबाब आहे. २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्यात आल्या आणि सुमारे एक कोटी करदात्यांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. ज्या मागण्यांना आधार उरला नव्हता त्यांच्यासाठी या एक कोटी माणसांपैकी किती जणांचे परतावे किती वर्षे अडवून धरले गेले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

सरासरी हा आकडा मोठा सोयीचा असतो. ज्या पगारदाराचा कर मालकाने काटेकोर कापला आहे आणि ज्याला सरकारकडून काही घेणेच नाही, त्याचे विवरणपत्र यंत्रातून क्षणात पार होते आणि सरासरी खाली येते. ज्याचे खरोखर पैसे अडकलेले असतात तो याच सरासरीच्या पोटात दडून जातो. तेव्हा दहा दिवसांच्या बढाईने दिपून न जाता परतावा मुळात कोणाला घ्यावा लागतो, हे आधी पाहिले पाहिजे.

परतावा निर्माण होतो तो बहुतांशी मुळातून होणाऱ्या करकपातीमुळे, म्हणजे ज्याला सर्वत्र टीडीएस म्हणतात त्यामुळे. पगारदाराच्या बाबतीत मालक वर्षाचे एकूण उत्पन्न, सवलती, वजावटी पाहून कर कापतो. ज्याचा कर लागत नाही त्याचे कापत नाही. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या बाबतीत असा विचारच नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम १९४ जे नुसार व्यावसायिक शुल्कातून सरसकट दहा टक्के कापले जातात. माणसाचे वर्षाचे उत्पन्न तीन लाख आहे की तीस लाख, हे कापणाऱ्याने पाहायचे नसते. एप्रिल २०२५ पर्यंत ही कपात एका देणेकऱ्याकडून वर्षाला ३० हजारांहून अधिक रक्कम मिळाली की सुरू होत असे. आता ती मर्यादा ५० हजार आहे. दुसरीकडे, २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडणार नाही असे केले. म्हणजे कर लागण्याची रेषा १२ लाखांवर आणि कपात सुरू होण्याची रेषा ५० हजारांवर! चोवीस पटींचे हे अंतर आहे. या अंतरात जो जो येतो त्याचे पैसे सरकार घेते, वापरते आणि मग अर्ज केल्यावर परत करते. कर देणे लागत नसलेल्या माणसाकडून आधी वसुली आणि मागाहून परतफेड, याला करआकारणी म्हणता येणार नाही. ही सक्तीची उसनवारी आहे.

आता हा 'स्वतंत्र व्यावसायिक' कोण, तेही तपासून घ्यावे. त्यात वकील, डॉक्टर, वास्तुशिल्पी आहेतच. पण गेल्या तीन दशकांत कायम नोकरीच्या जागी कंत्राट आणले गेले आणि कंत्राटाच्या कागदावर कामगाराला 'सल्लागार' किंवा 'व्यावसायिक' म्हणण्याची प्रथा पडली, तेव्हापासून या शब्दाचा अर्थच पालटला आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक घ्या. तेच वर्ग, तीच परीक्षा, तोच अभ्यासक्रम. पण भविष्यनिर्वाह निधी नाही, सुटीचा पगार नाही. जिथे त्यांचे मानधन व्यावसायिक सेवेचे शुल्क म्हणून दाखवले जाते तिथे त्यातून दहा टक्के आधीच कापले जातात. पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट, जी नव्या पद्धतीत ७५ हजारांची आहे, तीही त्यांना नाही, कारण कागदोपत्री ते नोकर नाहीत! नोकरीचे हक्क काढून घेताना त्यांना व्यावसायिक म्हणायचे आणि व्यावसायिकाची ऐपत मात्र कुठून येणार हे विचारायचे नाही, असा हा न्याय आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब करू. अशा अध्यापकाला वर्षातले दहा महिने दरमहा ३० हजार मिळतात असे धरा. वर्षाचे तीन लाख, कापले गेले ३० हजार, कर शून्य. म्हणजे सबंध एका महिन्याची कमाई सरकारजमा झाली. पहिली कपात जुलै २०२४ मधील आणि परतावा हाती आला ऑक्टोबर २०२५ मध्ये, असे समजू. कलम २४४ अ नुसार सरकार दरमहा अर्धा टक्का साधे व्याज देते, पण तेही मोजते १ एप्रिल २०२५ पासून. त्याआधीचे महिने फुकट. सात महिन्यांचे व्याज झाले १,०५० रुपये. याच माणसाने घरातल्या आजारपणासाठी तेवढीच रक्कम महिना दोन टक्क्यांनी उसनी काढली असेल तर त्याच सात महिन्यांत त्याने ४,२०० रुपये व्याज भरले. वर, सरकारने दिलेले १,०५० रुपये हे पुन्हा करपात्र उत्पन्नात धरायचे! विवरणपत्र मुदतीनंतर भरले तर व्याजाची मोजणी भरल्या तारखेपासून. आणि ज्याला थोडा कर लागतो त्याचा परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मुळीच नाही.

उलट बाजूने पाहा. करदात्याकडून आगाऊ कराचा हप्ता चुकला, विवरणपत्र उशिरा गेले, मागणीची रक्कम तीस दिवसांत भरली गेली नाही, तर व्याजाचा दर दरमहा एक टक्का. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. सरकारचे पैसे नागरिकाकडे राहिले तर वर्षाला १२ टक्के आणि नागरिकाचे पैसे सरकारकडे राहिले तर सहा टक्के. सप्टेंबर २००३ पासून हे दोन्ही दर असेच आहेत. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली, कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सोपी केल्याचा गवगवा झाला. ही विषमता मात्र नव्या कायद्यातही जशीच्या तशी उतरली. पैसा हा पैसाच असेल तर त्याचे दोन भाव कसे, या साध्या प्रश्नाचे उत्तर अर्थखात्याने एकदा द्यावे.

मुदतीचेही तेच. नागरिकाने एक दिवस उशीर केला की दंड. खात्याला मात्र विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात दाखल झाले ते वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत त्यावरील सूचनापत्र पाठवण्याची मुभा आहे. जुलैमध्ये भरलेल्या विवरणपत्राचा निकाल पुढील वर्षाच्या डिसेंबरअखेर लागला तरी कायद्याच्या लेखी उशीर झालेला नाही! सतरा महिने थांबलेल्या माणसाची तक्रार म्हणूनच तक्रारच ठरत नाही.

या साऱ्यात सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्याचे उत्पन्न करपात्र नाही असा मनुष्य बँकेला १५ जी हा नमुना, आणि वृद्ध असल्यास १५ एच, भरून देऊ शकतो, अशी सोय १९६१ च्या कायद्यात करण्यात आली. तसे केल्यास ठेवीच्या व्याजातून कर कापला जात नाही. २०१६ पासून घरभाड्यालाही ही सोय मिळाली. व्यावसायिक शुल्काला आणि कंत्राटाच्या कामाच्या मोबदल्याला ती दिली गेली नाही. ठेवीदाराचा शब्द कायदा मानतो, घरमालकाचा मानतो. घाम गाळून वा बुद्धी खर्चून कमावणाऱ्याचा मानत नाही. त्याने कलम १९७ खाली कपात कमी करण्याचा दाखला मिळवावा, म्हणजे अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, मागील वर्षांचे कागद जोडावेत आणि वाट पाहावी. तीन लाख मिळवणारा अध्यापक हे कधी करणार? भांडवलाच्या उत्पन्नावर विश्वास आणि श्रमाच्या उत्पन्नावर संशय, हे या व्यवस्थेचे वर्गीय स्वरूप इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

खटल्यांचा इतिहासही हेच सांगतो. परताव्याला वर्षानुवर्षे झालेल्या विलंबाबद्दल पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि २००६ मध्ये भरपाई मिळवली. पुढे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की ती भरपाई त्या प्रकरणापुरती होती. एरवी कायद्यात लिहिलेल्या व्याजापलीकडे काही मागता येणार नाही. कंपनीला निदान दिल्लीपर्यंत जाता तरी आले. लहान करदात्यांच्या बाजूने जे झाले ते दिल्ली उच्च न्यायालयात. एका सनदी लेखापालाच्या पत्राची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०१३ मध्ये खात्याला खडसावले की, नोटीस दिल्याशिवाय व म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय जुन्या मागणीपोटी परतावा वळता करता येणार नाही. कलम २४५ मध्ये पूर्वसूचनेची अट आधीपासून होतीच. ती पाळावी एवढे सांगण्यासाठी उच्च न्यायालय लागले.

पक्षाच्या कार्यकर्त्यांकडे वस्तीतले लोक शिधापत्रिकेसाठी येतात, तसे आता हे प्रश्न घेऊनही येऊ लागतील. त्यांना उत्तर देता आले पाहिजे. परतावा अडतो तो पुष्कळदा पैसे कापणाऱ्याने आपले तिमाही विवरण न भरल्याने किंवा पॅन क्रमांक चुकीचा लिहिल्याने. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी २६ एएस हा तक्ता उघडून कापलेली प्रत्येक रक्कम त्यात दिसते का हे पाहावे आणि कापणाऱ्याकडून १६ ए हे प्रमाणपत्र मागून घ्यावे. कापलेला पैसा मालकाने सरकारात भरलाच नसेल तर तोच कर पुन्हा कामगाराकडून वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तसा निर्णय दिला आहे. हे तोंडपाठ असावे, कारण ऑफिसातला कारकून ते सांगणार नाही. विवरणपत्र दाखल केल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी केली नाही तर ते वेळेवर भरलेले धरत नाहीत. बँकेच्या खात्यावरचे नाव आणि पॅनवरचे नाव जुळत नसेल तर मंजूर झालेला परतावाही परत फिरतो; लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

अंदाजित उत्पन्नाच्या योजनेविषयीही नेहमी विचारणा होते. कलम ४४ एडीए खाली ठराविक व्यावसायिकांनी एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली तर हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत आणि आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. योजना चांगली आहे. पण ती यादीतल्या व्यवसायांनाच लागू आहे. वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुशिल्पी, लेखापाल, गृहसजावटकार, चित्रपट कलावंत यांची नावे तिच्यात आहेत. भाषांतरकार आणि शिकवणी घेणारा शिक्षक यांची नाहीत. गृहसजावटकार कायद्याला आठवला, शिक्षक आठवला नाही! करपद्धतीच्या निवडीतही असाच भेद आहे. पगारदाराला दरवर्षी जुनी की नवी हे ठरवता येते. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असणारा एकदा जुनीत जाऊन नवीत परतला की, ते उत्पन्न चालू असेतो, जुनीचे दार त्याला बंद.

यावरून कर हीच जाचक गोष्ट आहे असा सूर काही मंडळी लावतील. समाजवाद्यांनी त्या सुरात सूर मिसळू नये. चढत्या दराचा प्रत्यक्ष कर हे विषमता कमी करण्याचे हाती असलेले एक प्रमुख साधन आहे, आणि ते बोथट केले ते कोणी, हे सर्वांनी पाहिले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये एका अध्यादेशाने कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचे सरकारनेच सांगितले होते. त्या सवलतीसाठी कोणा कंपनीला आधी पूर्ण दराने कर भरून मग परताव्याची वाट पाहत बसावे लागले नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. परताव्यावरचे व्याज आणि थकबाकीवरचे व्याज एकाच दराने, आणि परताव्याचे व्याज कपातीच्या तारखेपासून. १५ जी सारखे स्वयंघोषणापत्र श्रमाच्या मोबदल्यालाही लागू. नऊ महिन्यांच्या मुदतीऐवजी लहान परताव्यांना साठ दिवसांची मुदत, आणि ती उलटली तर खात्याच्या खर्चाने दंडव्याज. यांतली पहिली मागणी तर एका ओळीच्या दुरुस्तीने पुरी होण्यासारखी आहे. वित्त विधेयक दरवर्षी फेब्रुवारीत येते. ही दुरुस्ती सुचवण्यासाठी आपापल्या मतदारसंघातील खासदाराकडे डिसेंबरपूर्वी निवेदन पोचले पाहिजे, आणि त्याबरोबर अडकलेल्या परताव्यांची गावोगावची उदाहरणे, रकमा व तारखांसह.