हिऱ्याची वाटी

गेल्या दिवाळी अंकात या सदरात आपण भिंतीला भोक पाडायला शिकलो. त्यानंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला: गॅरेजच्या काँक्रीटवरचा जुना रंग काढायचा आहे, किंवा तळघरातला लादीचा उंचवटा घासून सपाट करायचा आहे, तर ते हिऱ्याचं चाक घरी वापरता येतं का? उत्तर आहे, हो, येतं. पण निम्मं काम चाक करतं आणि निम्मं काम धूळ आवरण्याचं असतं. हे दुसरं निम्मं बहुतेक जण वगळतात, म्हणून यंदाचं सदर त्याच्यासाठी.

आधी चाकाची ओळख. दुकानात याला डायमंड कप व्हील म्हणतात. पोलादाची उथळ वाटी आणि तिच्या काठावर बोटभर लांबीचे धातूचे तुकडे बसवलेले, असं त्याचं रूप. त्या तुकड्यांत बारीक हिरे मिसळलेले असतात. दागिन्यांतले नव्हेत, कारखान्यातले. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला, आणि पुढे असे हिरे इतके स्वस्त झाले की आज ते आपल्या गॅरेजमध्ये येऊन पोचलेत. वाळूतली गारगोटी काठिण्याच्या मोजपट्टीवर ७ वर, तर हिरा १० वर. म्हणून जिथे पोलादाची धार हार मानते तिथे ही वाटी चालते.

यातली खरी गंमत हिऱ्यात नसून त्याला धरून ठेवणाऱ्या धातूत आहे. हिरे बोथट झाले की भोवतीचा धातू झिजून खालचे ताजे हिरे वर यायला हवेत. मऊ, वाळूदार काँक्रीट धातूला भराभर खातं, म्हणून त्याला कठीण धातूचं चाक. कडक काँक्रीट किंवा ग्रॅनाइट धातूला झिजवत नाही, म्हणून त्याला मऊ धातूचं. म्हणजे जमीन कठीण तर चाक मऊ, हे उलटं गणित लक्षात ठेवा. चाक नुसतं फिरतंय, तापतंय पण कापत नाही, असं झालं तर त्याच्यावर चकाकी चढली असं समजावं. एखाद्या खरखरीत सिमेंटच्या ठोकळ्यावर ते थोडा वेळ चालवलं की नवे हिरे उघडे पडतात. आपल्याकडे पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेत, तसंच काहीसं. फक्त इथे टाकी चाकाला लागते.

भारतातून येताना असं चाक बॅगेत टाकू नका. तिथल्या चार इंची ग्राइंडरचा आटा बहुतेक वेळा १० मिलिमीटरचा असतो, इथल्या साडेचार इंचीचा पाच-अष्टमांश इंचाचा. ओढून-ताणून बसवणं धोक्याचं. इथला छोटा ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला ११,००० फेरे घेतो. त्या वेगाला चाकाची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावत असते. चाकावर लिहिलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. हे आकडे वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

चालवायची रीत सोपी आहे. दोन्ही हातांनी धरा, चाक जमिनीशी सपाट ठेवा, जोर लावू नका, यंत्राचं वजन पुरतं. अंगण सारवताना हात जसा फिरतो तसे एकावर एक येणारे गोल काढत पुढे सरका. एका जागी थांबलात तर तिथे चंद्रकोरीसारखी खाच पडते आणि ती वरून लावलेल्या इपॉक्सीतूनही दिसते. घट्ट डिंक किंवा जाड रंग असेल तर पीसीडी नावाचं खरवडणारं चाक मिळतं. साधं चाक तिथे गरम होऊन डिंकच माखून घेतं. आणि एक इशारा: घर १९८० च्या आधीचं असेल आणि जमिनीवर नऊ इंची जुन्या फरशा किंवा काळा डिंक असेल, तर तपासणी झाल्याशिवाय चाक लावायचं नाही. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो.

आता धुळीकडे. काँक्रीट म्हणजे वाळू आणि खडी, आणि वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटी, तिलाच सिलिका म्हणतात. टाकीने दगडाच्या कपच्या उडतात, चाकाने दगडाचं पीठ होतं. या पिठाचे जे कण फुप्फुसाच्या तळाशी जातात ते दहा मायक्रॉनहूनही बारीक असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, म्हणजे हे कण डोळ्यांना दिसतच नाहीत. जी धूळ दिसते ती खाली बसते, जी दिसत नाही ती तासन्‌तास हवेत तरंगते. फुप्फुसात ते कण रुतले की भोवती व्रण धरतात आणि व्रण वाढत जातात. त्या रोगाचं नाव सिलिकोसिस. गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध नाही.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, २०१६ साली कामगारांसाठी मर्यादा घातली: आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. किती ते सांगते. कष्टाच्या आठ तासांत माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम सिलिका, मिठाच्या आठ-नऊ कणांएवढी. दिवसभरात एवढीच. उघड्या चाकाने गॅरेज घासताना जो पांढरा ढग उठतो तो या मापाच्या कितीतरी पलीकडे असतो. आपल्या घरात आपणच काम करत असू तर हा नियम लागू नाही, पण फुप्फुसाला कोण मालक आणि कोण मजूर ते कळत नाही.

हे भीती घालायला लिहीत नाही. एका दुपारच्या कामाने सिलिकोसिस होतो असं नाही. तो वर्षानुवर्षांच्या धुळीचा किंवा थोड्या काळातल्या प्रचंड धुळीचा रोग आहे. वेस्ट व्हर्जिनियात गॉली ब्रिजजवळ १९३०-३१ मध्ये हॉक्स नेस्ट बोगदा खणला गेला. सिलिकाने भरलेला डोंगर, कोरडं खोदकाम, आणि आत मजूर, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, कामाच्या शोधात दुरून आलेले. पुढे डॉ. मार्टिन चेर्नियाक यांनी अभ्यास करून मृतांचा अंदाज ७६४ असा मांडला. अनेक जण वर्ष-दोन वर्षांतच गेले.

आपल्या बाजूचं उदाहरण मी शिक्षिका होते म्हणून मला जास्त लागतं. ज्या पाटीच्या पेन्सिलीने आपण 'ग म भ न' गिरवलं, ती कापण्याचं मोठं केंद्र मध्य प्रदेशातलं मंदसौर. यंत्राच्या करवतीने दगड कापताना तिथल्या कामगारांना सिलिकोसिस झाला, तरुण वयात माणसं गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यावर संशोधन केलं आहे. मुलांच्या हातात अक्षर यावं म्हणून कुणाचा तरी श्वास जात होता, हे आम्हाला बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून घरच्या कामाचे नियम. ग्राइंडरला झाकण बसवा, ज्याला इथे श्राउड म्हणतात, आणि त्याला हेपा फिल्टरचा व्हॅक्युम जोडा. व्यावसायिकांसाठी ओशाचं माप चाकाच्या दर इंचाला मिनिटाला २५ घनफूट हवा, म्हणजे पाच इंची चाकाला १२५. हे सगळं भाड्याने मिळतं. बारीक पिठाने फिल्टर लवकर तुंबतो, तो मधूनमधून साफ व्हावा अशी सोय असलेला व्हॅक्युम घ्या. तोंडावर निदान एन-९५, त्याहून बरा पी-१०० फिल्टरचा अर्धा मास्क. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, तेव्हा घरच्या पुरुषांनी त्या दिवशी दाढी करावी. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे. गॅरेजचं मोठं दार उघडं, घरात जाणारं बंद, आणि तळघरात काम असेल तर घराचं हीटिंग-कूलिंग बंद करून झरोके झाका, नाहीतर धूळ सगळ्या खोल्यांत जाईल. काम संपल्यावर झाडू मारायचा नाही, व्हॅक्युम किंवा ओलं फडकं. कपडे तिथेच उतरवून वेगळे धुवा, मगच लेकरांना जवळ घ्या. पाण्याखाली घासणं सर्वांत उत्तम, पण साध्या ग्राइंडरवर पाणी मारू नका. त्यासाठी वेगळी यंत्रं असतात आणि तीही जीएफसीआय सॉकेटवरच लावायची. ओला चिखल वाळण्याआधी भरून घ्या, तो वाळला की पुन्हा धूळच.

शेवटची गोष्ट स्वयंपाकघराची. आपल्यापैकी बऱ्याच घरांत क्वार्ट्झचे ओटे आलेत. हा घडवलेला दगड, त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्याही वर असू शकते, ग्रॅनाइटपेक्षा खूपच जास्त. २०२३ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये कॅलिफोर्नियातल्या ५२ रुग्णांचा अभ्यास आला: सगळे असे ओटे कापणारे, घासणारे, जवळजवळ सगळे लॅटिनो स्थलांतरित. त्यांतले दहा जण दगावले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली.

आपणही या देशात कामासाठीच आलो. तेव्हा ओटा ठरवताना रंग आणि भाव विचारतो तसा आणखी एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे दगड पाण्याखाली कापतात का? नळाचं भोक आमच्या स्वयंपाकघरात कोरडं घासणार का? बसवायला येणारा मुलगा मास्कविना ग्राइंडर सुरू करू लागला तर त्याला थांबवा, आणि ओलं काम जास्त वेळ घेतं म्हणून बिल वाढलं तर कुरकुर करू नका.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. ते घाव दगडाने सोसावेत, घडवणाऱ्याने नव्हे. दिवाळीची रांगोळी यंदा नव्या सपाट जमिनीवर उमटू दे. शुभ दीपावली!