सहलीतले खाणे आणि खर्चाचा डबा

मे महिना तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. परीक्षा संपतात आणि सुट्टी सुरू होते. या वेळी लातूरच्या एका भगिनीने लिहिले आहे, “मुलांना मोठ्या उद्यानात न्यायचे कबूल केले आहे. तिकिटाचे पैसे जमले. पण जाऊन आलेले सगळे सांगतात की तिकिटापेक्षा आतले खाणेच महाग पडते. काय करावे?”

सगळे सांगतात ते खरेच आहे. आम्हीही ते एकदा अंगावर काढले आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही नऊ जण एका मोठ्या उद्यानात गेलो होतो. आम्ही दोघे, आमची तीन मुले, अम्मी, आणि आपा व त्यांची दोन मुले. आपांचे शौहर वारल्यापासून त्या शिवणकामावर घर चालवतात. तिकिटांचे पैसे त्यांनी स्वतःचे स्वतः दिले, आमचे ऐकले नाही. तिकिटांचा हिशेब आम्ही महिनाभर केला होता, गाडीचाही केला होता. खाण्याचा मात्र केला नाही. “तिथे बघू” असे म्हणून निघालो.

दुपारी दीड वाजता तिथे बघायची वेळ आली. मुले भुकेने कासावीस झालेली, काउंटरपुढे लांब रांग, वर भिंतीवर दरांची पाटी. मागे लोक उभे असताना नऊ माणसांचे गणित करणे आमच्यासारख्या मास्तरांनाही जमत नाही. मुले बोट दाखवत गेली, आम्ही हो म्हणत गेलो. आपा पाटीकडे पाहून म्हणाल्या, “मला भूक नाही, सकाळी भरपूर खाल्लंय.” त्यांची दहा वर्षांची मुलगी लगेच म्हणाली, “मला पण नाही.” आम्ही आग्रह केला, पण वरवरचा, हातात ट्रे होते, जागा शोधायची होती. बिल ३,६४० रुपये झाले. आपांनी आपल्या मुलाच्या वाट्याचे म्हणून पाचशेची नोट आमच्या हातात कोंबली आणि परत घेतली नाही. मुलगी बाजूच्या ताटातल्या बटाट्याच्या काड्यांकडे बघत बसली होती.

रात्री अकराला घरी पोहोचलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर आपा अंधारात उभ्या राहून सकाळची चपाती नुसत्या चटणीशी खात होत्या. तेव्हा कुठे आम्हाला कळले.

पैसे गेल्याचे दुःख आठ दिवसांत विसरले. हे विसरले नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचे ठरले तेव्हा पहिली गोष्ट खाण्याची ठरवली. जुलैमध्येच एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यावर ‘खाणे’ अशी चिठ्ठी चिकटवली. आम्ही आठवड्याला अडीचशे टाकायचो, आपा शंभर टाकायच्या. सोळा आठवड्यांत ५,६०० रुपये झाले, अम्मींनी पेन्शनमधून एक हजार घातले. एकूण ६,६००. डब्यात पडलेला पैसा सगळ्यांचा, त्यात कोणाचा किती हा प्रश्न संपला. आणि तो डबा आम्ही आपांच्याच हाती दिला. तीन दिवस खर्च त्या करणार, आमचे पाकीट खिशातच राहणार. ज्यांच्या हातात घराचा एकेक रुपया मोजून जातो त्यांच्यापेक्षा चांगला खजिनदार कोण मिळणार? शिवाय खर्च करणाऱ्या माणसाला “मला भूक नाही” असे म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष खाण्याकडे येऊ. आम्हाला रामोजी फिल्म सिटी बघायची होती. १९९६ मध्ये उभा राहिलेला हा स्टुडिओ जगातला सर्वांत मोठा म्हणून गिनीज बुकात नोंदलेला आहे. चित्रपटांचे सेट, मुलांचे पाळणे, खेळ, सगळे धरून पूर्ण दिवस लागतो. सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ पुढे विजयवाड्याकडे जातो, त्याच रस्त्यावर शहराच्या पलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर हे ठिकाण आहे. निघण्याआधी फोन करून विचारले तेव्हा बाहेरचे जेवण आत नेता येणार नाही असे कळले. बहुतेक मोठ्या उद्यानांचा नियम असाच असतो. तुम्हीही आधी विचारा, आणि तान्ह्या मुलाचे खाणे किंवा साखरेच्या रुग्णासाठी लागणारे काही नेता येईल का, हे वेगळे विचारा. फाटकावर पिशवी उघडून वाद घालण्यात अर्धा तास जातो आणि दिवसाची सुरुवात बिघडते.

जेवण आत जाणार नाही म्हणजे डबा नेऊच नये असे मात्र नाही. डबा रस्त्यासाठी आणि संध्याकाळसाठी. आम्ही सोलापूरकर, आमच्याकडे त्याची सोय फार जुनी आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. पातळ थापून भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. कित्येक दिवस तिला काही होत नाही. सोबत तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजलेले चणे, खजूर, गूळ. यावर अम्मी नाराज. “सहलीला जाऊन भाकरी? लोग क्या कहेंगे?” त्यांचे म्हणणे होते की खिमा करून न्यावा. त्यांना गुलबर्ग्याची आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी तिकडे जाताना पहाटे केलेला खिमा गरमच डब्यात भरला, झाकण घट्ट लावले आणि अकरा वाजता उघडला तर वास सुटलेला. एक किलो मटणाचे पैसे आणि मेहनत रस्त्याच्या कडेला गेली. शिजवलेले मांस, भात, डाळ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. रस्त्यासाठी कोरडे तेवढे खरे. अम्मी गप्प झाल्या, पटले नाही.

भाड्याची क्रूझर होती. उमरग्याच्या पुढे झाडाखाली सोलापुरी चादर अंथरून पहिले जेवण झाले. ड्रायव्हरभाईंनाही त्याच दस्तरखानावर बसवले. वेगळे हॉटेलात जेवायला पैसे देण्यापेक्षा हे बरे, आणि माणसालाही बरे वाटते.

उद्यानाच्या दिवशी सर्वांत जास्त पैसा वाचतो तो सकाळच्या नाश्त्यावर, आणि हैदराबाद तर नाश्त्याचेच शहर आहे. आमचे लॉज जुन्या शहरात होते. सकाळी सातला गरम खिचडी, खिमा आणि चिंच-तिळाचा खट्टा. मसूर डाळीची ती पिवळी खिचडी एकदा पोटभर खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. अम्मींनी आणि ड्रायव्हरभाईंनी नहारी घेतली, सोबत चारकोनी नान. दहा माणसांचे ८५० रुपये. हलालचा प्रश्न नाही, चवीचा तर नाहीच. चहा-बिस्किटावर फाटकातून आत शिरणारे कुटुंब अकरा वाजताच काउंटरपुढे उभे असते.

आतला नियम आपांनी केला होता. प्रत्येक मुलाला शंभर रुपयांचे पाकीट. आइस्क्रीम घ्या, फुगा घ्या, नाहीतर घरी न्या. संपल्यावर मागायचे नाही. एवढ्याने “हे घेऊन द्या, ते घेऊन द्या” बंद झाले. आमचा सातवीतला मुलगा, जो वर्गात शेकडेवारीला तोंड वाकडे करतो, तो दोन दुकानांतले दर ताडून आला. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या रिकाम्या नेल्या, आत नळावर भरल्या.

दुपारचे जेवण मात्र आतच घेतले, पण दीडला नाही, बाराला. तेव्हा रांग नव्हती आणि अम्मींची साखरेची गोळी असते, त्यांचे जेवण लांबवता येत नाही. (साखर अचानक उतरली तर लगेच द्यायला तीन चमचे साखरेची पुडी आम्ही पर्समध्ये ठेवतोच.) नऊ माणसांना आधी सहाच ताटे मागवली. लागले तर पुन्हा घेऊ म्हटले, एकच घ्यावे लागले. घरी मुले अर्धे ताट टाकतात हे आपल्याला ठाऊक असते, बाहेर गेल्यावर मात्र माणशी एक ताट मागवायची घाई होते. मांसाहाराची विचारपूस गर्दीत नीट होत नाही, म्हणून आम्ही अशा ठिकाणी शाकाहारीच घेतो. ते स्वस्तही पडते.

बिलाबाबत दोन गोष्टी. टपरीवर किंवा दुकानात पाण्याच्या, सरबताच्या बाटलीवर छापलेल्या किमतीहून जास्त घेता येत नाही. बसून खाण्याच्या हॉटेलची गोष्ट वेगळी. तिथे सेवाही दिली जाते म्हणून छापील किमतीहून जास्त घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुभा दिली आहे. तेव्हा बाटली हवी असेल तर टेबलावर न मागवता दुकानातून घ्या. दुसरे म्हणजे सर्व्हिस चार्ज. तो बिलात आपोआप लावू नये अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढल्या आहेत. आवाज न चढवता “हा काढून द्या” म्हणावे. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा पाय बोलत होते. गाडीपाशी तीच चादर अंथरली. कडक भाकरी चुरून, वर चटणी आणि तेल. लोग क्या कहेंगे म्हणणाऱ्या अम्मींनी सर्वांत आधी हात पुढे केला. शेजारच्या गाडीतली दोन मुले बघत होती, आपांनी त्यांनाही पुऱ्या दिल्या. तासाभराच्या रस्त्यानंतर शहरात बिर्याणीचे फॅमिली पॅक घेतले. एकेक प्लेट घेण्यापेक्षा ते बरेच परवडतात. लॉजच्या खोलीत सगळे गोल बसलो. आपांच्या मुलीने दोनदा वाढून घेतले. आपांनीही.

तिसऱ्या दिवशी चारमिनार पाहून परत निघताना डब्यात सातशे रुपये उरले होते. आम्ही म्हटले, वाटून घेऊ. आपांनी त्याची उस्मानिया बिस्किटे घेतली, शेजारच्या चार घरांना पुरतील एवढी, आणि उरलेले साठ रुपये परत डब्यात टाकले.

डबा पुन्हा फळीवर आहे. चिठ्ठी तीच आहे, हिशेबाची वही आता आपांची मुलगी लिहिते. गेल्या आठवड्यात आमचे अडीचशे टाकायचे राहिले, तर तिने आमच्या नावापुढे लाल शाईने फुली मारली आहे.